जुना फोन, नवे कान

१२ जानेवारी २०२५, रविवार

आज बाळा येऊन गेला. माझ्या थोरल्या भावाचा मुलगा, बोरिवलीला राहतो. पुढच्या महिन्यात त्याच्या मुलीचं, तेजलचं लग्न आहे. पत्रिका दिली, पाया पडला, चहा प्यायला आणि मग मोबाइल काढून टाइप करायला लागला. माझ्याशी बोलायचं तर सगळे टाइपच करतात. एकाच सोफ्यावर बसून व्हॉट्सॲप. कानांनी राजीनामा दिल्यापासून आमच्या घरात असंच चालतं.

त्याने लिहिलं, "काका, ह्या टायमाक गाऱ्हाणा मी घालतंय. तुमका उगाच त्रास."

त्रास म्हणे! आमच्या कोकणात कुठलंही कार्य असो, आधी देवापुढे नारळ धरून घरातल्या मोठ्याने गाऱ्हाणं घालायचं. आपण एकेक मागणं मागायचं आणि मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. ते संपलं की लगेच पुढचं मागणं. आमच्या घरात आधी वडील घालायचे, मग दादा, आणि दादा गेल्यापासून मी. माझा आवाज अजून खणखणीत आहे. भानगड एवढीच की तोंड देवाकडे आणि पाठ माणसांकडे, त्यामुळे मागचे म्हणाले की नाही हे मला कळत नाही. गेल्या वर्षी बाळाच्या वास्तुशांतीला मी त्यांच्या "व्हय म्हाराजा"वरच पुढचं मागणं सुरू केलं, आणि नंतर ते केव्हाच गप्प झालेले असताना मी नारळ धरून वाट बघत राहिलो. कुणीतरी शूटिंग करून घरच्या ग्रुपवर टाकलं. मला त्यात फक्त हसणारी तोंडं दिसली.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये जन्मभर पत्र्याची झाकणं पाडली. प्रेस मशीनच्या त्या दणक्यांनी कान नेले. कानात घालायचं यंत्र आहे, पण त्याने आवाज मोठा होतो, शब्द कळत नाही; म्हणून ते कपाटातच असतं. 

बाळाला मी "बघू" एवढंच लिहिलं. मी धडधाकट असताना गाऱ्हाणं दुसऱ्याच्या हातात गेलं तर मग मी त्या घरात कोण?

बायकोला, नलिनीला विचारलं, तुला काय वाटतं? तिने नुसता हात हलवला. पूर्वी ही बाई बोलून बोलून डोकं उठवायची. आता कामापुरती खूण करते. ओट्यापाशी पाठमोरी उभी असते तेव्हा गाल हलताना दिसतात, बहुतेक रामरक्षा चालू असते. वय झालं की देवाधर्माकडे ओढा वाढतोच.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळाचा लाडू दातात अडकलेला असताना फोनवर सूचना आली की तुमच्या फोनसाठी नवी आवृत्ती तयार आहे. अशा सूचना मी एरवी बाजूला सारतो. आज काय काय नवीन आहे ते वाचत गेलो. बटणं गोल होणार, घड्याळ मोठं होणार, रंग बदलणार. असली रंगरंगोटी आपल्याला काय करायची? पण खाली एक ओळ होती. आजूबाजूचं बोलणं ऐकून ते मराठीत लिहून दाखवणार, इंटरनेट नसलं तरी.

ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. लाडू चघळायचंही विसरलो.

संध्याकाळी सुयोग अंधेरीहून ऑफिस करून आला तसा फोन त्याच्या नाकासमोर धरला. त्याने टाइप केलं, "पप्पा, फोन पाच वर्षांचा आहे. अपडेट घेईल, पण झेपणार नाही. तापेल, हँग होईल, बॅटरीची वाट लागेल. आणि एकदा टाकलं की मागे नाही येता येत. त्यापेक्षा नवीन घेऊ ना."

मी म्हटलं, नवा फोन शिकेपर्यंत तेजलला मूल होईल. ह्या फोनच्या वाटा माझ्या बोटांना पाठ आहेत. 

"हँग झाला तर माझ्या नावाने बोंबलायचं नाही," असं लिहून पोरगा आंघोळीला गेला.

१८ जानेवारी, शनिवार

झालं! नवी आवृत्ती चढली.

सकाळी सुयोगने आधी जागा करायला घेतली. सुप्रभातचे गुलाब, सुविचार, कुणाकुणाच्या बारशाचे व्हिडिओ, सगळं धुऊन काढलं. मग बटण दाबलं. एक रेघ इंचाइंचाने पुढे सरकत होती. शंभर टक्के झाले, फोन बंद झाला, पुन्हा सुरू झाला आणि कंपनीच्या नावावर जाऊन थिजला. एक गोल नुसता फिरतोय, फिरतोय. सुयोगचा चेहरा बघून मला कळलं की गेला.  नलिनी देवासमोर निरांजन लावून आली आणि फोनसमोर उभी राहिली.

आणि मग पडदा उजळला. सगळं बदललेलं! आपण बाजारात जाऊन यावं आणि मागे कोणी घरातलं सामान हलवून ठेवावं, तसं. बोट लावलं की तो जरा विचार करायचा आणि मग उघडायचा. पण उघडत होता. हाच फोन, हीच तडा गेलेली काच, आणि आत हे नवंकोरं. मला काही समजेना की एवढं सगळं ह्याच्या आत मावलं कुठे.

नलिनीने खुणेने विचारलं, हा आता जुना म्हणायचा की नवा? नव्या वस्तूला हळदकुंकू लावायचं असतं. मी नवा म्हटलं. तिने पाठीला कुंकू लावलं, त्यातलं थोडं चार्जिंगच्या भोकात गेलं आणि सुयोगने टाचणीने कोरून काढताना दोघांना हात जोडले.

मग त्याने ती सोय चालू केली, फोन माझ्या हातात दिला आणि समोर बसून बोलला. त्याचे ओठ हलले आणि पडद्यावर अक्षरं उमटली.

"पप्पा, काही दिसतंय का?"

अंगावर काटा आला. टाइप केलेलं नव्हतं ते. पोराच्या तोंडून निघालेलं माझ्यापर्यंत आलं होतं, तेही तो बोलतोय तेव्हाच! मी म्हटलं, अजून बोल. तो म्हणाला, "काय बोलू?" तेही उमटलं. म्हटलं, काहीही बोल. त्याने क्रिकेटचं सांगितलं, ऑफिसातल्या साहेबाला शिव्या घातल्या, त्याही जशाच्या तशा आल्या. मग तो थांबला. पुढची ओळ आली.

"पप्पा, रडू नका ना यार."

१९ जानेवारी, रविवार

सकाळपासून खिडकीत फोन घेऊन बसलोय. बोलणंच नाही, हा आवाजांचीही नावं सांगतो. पक्षी. कुत्रा भुंकतोय. दाराची बेल. गाडीचा हॉर्न. खाली भंगारवाला आला, त्याची हाक पडद्यावर आली तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसलो. एवढं सगळं रोज चाललेलं असतं? मी समजत होतो की जग आता म्हातारं होऊन शांत झालंय. जग तस्संच आहे, गोंगाट करतंय!

मार्केटला गेलो. कोळीण शेजारच्या बाईला सांगत होती, "ये म्हाताऱ्याला आवाज दे नको, त्याला आयकू येत नाय." पडद्यावर वाचून मी म्हटलं, येतं की. तिच्या हातातला सुरा तसाच राहिला. एक बांगडा जास्त टाकलान तिने.

परत येताना फोन हातात धरवेना इतका तापला. पाटी आली की फोन थंड होऊ द्या, आणि बंद पडला. सुयोग म्हणतो, "जुन्या इंजिनवर नवी बॉडी चढवली, आता लोड येणारच." पंधरा-वीस मिनिटं चालतो, मग तास-दीड तास विश्रांती. माझंही सध्या तेवढंच चालतं, त्यामुळे आमचं जमेल.

बाळाला मेसेज टाकला, गाऱ्हाणं मीच घालणार. फोन देवापुढे ठेवीन, मागचं "व्हय म्हाराजा" पडद्यावर वाचीन.

२५ जानेवारी, शनिवार

आज जे झालं ते कसं लिहू कळत नाही.

सकाळी सराव करायला फोन चालू केला, स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि पेपर चाळत सुयोगची वाट बघत बसलो. त्याने मागून "व्हय म्हाराजा" म्हणायचं ठरलं होतं. नलिनी नेहमीसारखी ओट्याकडे तोंड करून तांदूळ धूत होती. आणि पडद्यावर अक्षरं यायला लागली. तिची मालवणी फोनला धड कळत नाही, मोडूनतोडून लिहितो. मला कळते. सरळ करून इथे उतरवतो.

"आज गुडघो लय दुखता. तुमका सांगलंय तर दाक्तर दाक्तर करश्यात. म्हणान नाय सांगूक."

मला वाटलं सुयोगशी बोलतेय. मान वर केली, तर घरात आम्ही दोघंच.

"काल परत बनियन उलटी घातलीत. इतक्या हसाक इला माका. सांगूक नाय, उगाच वरमतलास. आणि ऐका, ता शेजारणीचा कुंडीतला अनंत फुलला. वास येता काय तुमका? नाक तरी धड आसा मा?"

मी हललोच नाही. ती भांडं विसळायची आणि बोलायची. कुणाच्या सुनेने घरी काय केलं. लहानपणी मालवणच्या किनाऱ्यावर बापाबरोबर रापण ओढायला जायची, ती जाळ्याची ओली दोरी कशी हाताला टोचायची. मी तिच्याशी एवढी वर्षं संसार केला, ही दोरी मला ठाऊक नव्हती.

मग ही ओळ आली. "आयकाक येय तेवा खय आयकत होतास? आता बरा आसा. मधी मधी तोडणत नाय."

रामरक्षा कसली! ही बाई रोज माझ्याशी बोलत होती. माझे कान गेल्यापासून, रोज, माझ्याकडे पाठ करून. आणि मी पेपर वाचत होतो.

फोन तापून बंद पडला. तिचे गाल हलतच होते. सुयोग आला तेव्हा मी सांगितलं, आज सराव नको.

३० जानेवारी, गुरुवार

सराव राहिलाच आहे. फोनची जी काय थोडी ताकद आहे ती मी सकाळी स्वयंपाकघरात खर्च करतो. फोन टेबलावर, वरून पेपरची आडोशाला घडी, तिच्या बाजूने दिसणार नाही अशी.

देवाची शपथ, अशी करमणूक कुठल्या नाटकात नाही. बाळाच्या बायकोच्या साडीची निवड, सुयोग केसांना काय लावतो, मी झोपेत कसा घोरतो याची नक्कल. काल म्हणाली, "तुमी आधी गेलास तर मी बोलतलंय कोणाकडे? भिंतीकडे? भिंत काय मान हलवणत नाय." मी तेव्हा मान हलवत नव्हतो. पेपरात डोकं घालून बसलो होतो. तरी तिला मी भिंतीपेक्षा बरा वाटतो.

गाऱ्हाण्याला अजून वेळ आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

वाट लागली.

मासळीचा कचरा गुंडाळायला तिने टेबलावरचा पेपर उचलला. खाली फोन. पडद्यावर तिचंच वाक्य. तेजलच्या लग्नात आपली आई असायला हवी होती, असं काहीतरी ती नुकतीच म्हणाली होती. तिने ते वाचलं. वरचंही वाचलं, बोटाने सरकवून त्याच्याही वरचं.

"किती दिस?" तिने विचारलं. तेही पडद्यावर आलं.

मी म्हटलं, आठवडाभर. अगं, किती छान बोलतेस तू!

"माका सांगाक नको होता?"

ती आत गेली. मी मागोमाग गेलो तर तिने हाताने थांबवलं. मला समजत नाही, मी वाईट काय केलं? नवऱ्याने बायकोचं बोलणं ऐकलं, एवढंच ना? इतकी वर्षं ऐकत नाही म्हणून बोलणी खाल्ली. आता ऐकलं तरी बोलणीच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

स्वयंपाकघरात फोन आता उघड्यावर ठेवतो. पडद्यावर काय येतं? पाणी. भांडी. कावळा. कुकरची शिट्टी. पुन्हा पाणी.

ती उभी असते, गाल हलत नाहीत. तोंड मिटून भाकऱ्या थापते.

सुयोगला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पप्पा, सॉरी म्हणा." म्हणून बघितलं. तिने हात हलवला. तो हात "असू दे"चा होता की "पुरे"चा, ते फोन सांगत नाही.

मला हा फोन आता बघवत नाही. जगातला सगळा गोंगाट आणून दिला, आणि जे एक हवं होतं ते गेलं. पूर्वी निदान माझ्या पाठीमागे का होईना, चालू होतं.

सराव केला. सुयोग सात-आठ वेळा "व्हय म्हाराजा" म्हणाला. पडद्यावर उमटायला वेळ लागतो, तोवर मी थांबतो. जमेल असं तो म्हणतो. माझा जीव त्यात नव्हता.

१६ फेब्रुवारी, रविवार

लग्न पार पडलं. बोरिवलीचा हॉल गच्च भरला होता. तेजल नवरीच्या वेषात इतकी मोठी दिसली की मी आधी ओळखलंच नाही.

मुहूर्ताआधी देवापुढे पाट मांडला, पानाचा विडा ठेवला, मी नारळ घेतला. फोन तांब्याला टेकवून ठेवला. बाळाने खुणेने विचारलं, काका, नक्की? मी मान डोलावली आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली हत, तेंका सुखी ठेव रे म्हाराजा!"

पडद्यावर "व्हय म्हाराजा" उमटलं, वेडंवाकडं, पण उमटलं! मी दुसरं मागणं घातलं. आता पडदा गोंधळला. मागे शंभर माणसं, सनई चालू, पोरांचा दंगा. संगीत, टाळ्या, संगीत, कुणाचं तरी "अरे खुर्च्या पुढे घ्या", असं सगळं एकावर एक धावायला लागलं. त्यात माझं "व्हय म्हाराजा" कुठे शोधू? आणि वर ती पाटी. फोन थंड होऊ द्या. पडदा काळा.

नारळ धरून उभा राहिलो. त्या वास्तुशांतीसारखाच. मागे हसत असतील, बाळा पुढे यायला निघाला असेल, असं वाटलं.

तेवढ्यात पाठीवर थाप पडली.

हलकी, खांद्याच्या खाली. मी वळलो नाही. तिसरं मागणं घातलं, "ह्या पोरीच्या संसारात काय वाकडा-तिकडा असात ता सरळ कर रे म्हाराजा!" आणि थांबलो. थोड्या वेळाने पुन्हा थाप. म्हणजे त्यांचं म्हणून झालं! चौथं मागणं. थाप. त्या हाताबरोबर बांगड्या पाठीला लागत होत्या. कुणाचा हात ते मला कळलं आणि माझा आवाज असा चढला की पुढच्या बाजूचे भटजीही वर बघायला लागले. सगळी मागणी म्हणून झाली, एकही चुकलं नाही. देवाच्यान सांगतो, इतकं सुरेख गाऱ्हाणं मी कान असतानाही घातलं नव्हतं.

शेवटी इडा-पिडा टळो म्हणून नारळ ठेवायचा असतो. मी ठेवला नाही.

"आणि म्हाराजा," मी म्हटलं, "माझ्या घरातला बोलणा बंद झालासा. माझी चुकी झाली. ता बोलणा पयल्यासारखा सुरू कर. माका आयकाक येवंदे, नायतर नको येवंदे. पण ता सुरू कर रे म्हाराजा!"

आणि थापेची वाट बघत राहिलो. समोरच्या भटजींचे ओठ हललेले मला दिसले, म्हणजे लोक म्हणाले असणार. थाप मात्र पडली नाही. तो हात पाठीवरच होता. उचललाच नाही तिने.

१७ फेब्रुवारी, सोमवार

उशिरा उठलो. सुयोग ऑफिसला गेला होता. तो आता ठरवूनच बसलाय की मला नवा फोन घ्यायचा, ह्याला म्हणे यापुढे कुठलीच नवी आवृत्ती येणार नाही, ही शेवटची. मी नाही म्हटलेलं नाही.

स्वयंपाकघरात जाऊन बसलो. फोन काढला नाही. तो खोलीत चार्जिंगला होता, तिथेच राहू दिला. पेपरही घेतला नाही. 

नलिनीने चहा ठेवला आणि आत गेली. परत आली ती फोन घेऊन. मला वाटलं, कपाटात टाकायला सांगते की काय! तिने तो ओट्यावर मिठाच्या बरणीला टेकवला, पडदा माझ्या बाजूला केला, नको तिथे दोनदा बोट लावलं, मग बरोबर तिथे लावलं, आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. जरा वेळ काहीच आलं नाही. नुसतं पाणी. मग आलं.

"चाय थंड होतासा. आधी ती पिया."

मी प्यायलो. तिने कालच्या वरमाईच्या साडीपासून सुरुवात केली. मग भटजींवर आली, मग बाळाच्या रडण्यावर. म्हणाली, "तुमचो आवाज इतको चढलो, माझ्या हाताक कळत होतो." मी हे वाचत होतो आणि मला खरंच वाटलं की जगात ह्याहून मोठी नवलाई नसेल. एवढीशी काच, आणि त्यात माझी बायको बोलतेय.

कांदा अर्धा चिरून होतोय तोच फोन तापून बंद पडला. एकदा मीठ घ्यायला तिने बरणी उचलली, फोन नीट पुन्हा टेकवला, आणि बोलत राहिली. खिडकीतून ऊन येत होतं, त्यामुळे पडदा काळा झालेला तिला दिसला नसावा. मीही सांगितलं नाही. ती भाजी होईपर्यंत बोलत होती, मी मान हलवत होतो.